अलास्का क्रूझ: बंदरावरचा दिवस कमी खर्चात कसा आखायचा

अलास्काच्या क्रूझसाठी केबिनचे दर महिनाभर रोज तपासणारी माणसं बंदरावर उतरली की पंधरा मिनिटांत पाचशे डॉलर मोकळे करून बसतात. मी सिॲटलजवळ राहते. दर उन्हाळ्यात कोणाचे तरी आईबाबा भारतातून येतात, मुलांना सुट्टी असते आणि सात दिवसांची क्रूझ ठरते. परत आल्यावरची तक्रारही ठरलेली: "जहाज छान होतं गं, पण उतरलं की प्रत्येक गोष्टीला पैसे."

तसं नाहीये. या किनाऱ्यावर पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक फुकट किंवा चार-पाच डॉलरांत पाहता येतं. चूक होते ती क्रमात. लोक आधी 'काय करायचं' ते ठरवतात आणि 'जहाज कुठे लागतंय, हातात किती तास आहेत' हे धक्क्यावर उभं राहून शोधतात. त्या क्षणी समोर फक्त तिकीट विकणारे तंबू असतात. खालचा क्रम उलटा आहे, आणि तो त्याच क्रमाने केला तरच उपयोगी पडतो.

१. आधी व्हिसा, मग बाकी सगळं

सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारं जहाज वाटेत कॅनडात थांबतंच, बहुधा व्हिक्टोरियाला. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंडा लावलेल्या जहाजांना अशा फेरीत एका परदेशी बंदराला लागावंच लागतं, आणि जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याचीच असतात.

याचा अर्थ भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्या आईबाबांकडे कॅनडाचा व्हिसा हवा आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण जहाज कॅनडाहून परत अमेरिकेत शिरतं. "आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही" हे कारण चेक-इनच्या काउंटरवर चालत नाही. कागद नसले तर जहाजावर चढूच देत नाहीत. एच-वन-बीवर असलेल्यांनाही कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना तो लागत नाही, पण चालू पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं.

*तपासा:* कॅनडाच्या व्हिसाला किती आठवडे लागू शकतात ते पाहूनच क्रूझची तारीख ठरवा. आधी क्रूझचे पैसे भरून मग अर्ज करणारे मी तरी चार जण पाहिलेत.

२. धक्का आणि तास: ही दोनच ओळींची चिठ्ठी लिहा

प्रत्येक बंदरासाठी एका कागदावर दोन ओळी लिहा. जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, आणि प्रत्यक्षात जमिनीवर किती तास मिळणार.

धक्का कसा कळेल? 'क्रूझ लाइन एजन्सीज ऑफ अलास्का' ही संस्था प्रत्येक बंदराचं वेळापत्रक जहाजाच्या नावानिशी प्रसिद्ध करते. ते पाहिलं की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात:

- जूनोमध्ये एजे धक्का गावापासून सुमारे मैलभर लांब आहे. बाकीचे धक्के अगदी बाजारात.
- केचिकानमध्ये काही जहाजं गावात न लागता उत्तरेला सातेक मैलांवर वॉर्ड कोव्हला लागतात. तिथून गावात फुकट बस येते, पण वीसेक मिनिटं आणि रांग वेगळी.
- सिट्काचा मोठा धक्का गावापासून पाच-सहा मैल. तिथेही गावात आणणारी बस मोफत असते.
- स्कॅगवेचा ब्रॉडवे धक्का गावाला चिकटून आहे, रेलरोड धक्का लांब. शिवाय २०२२ मध्ये डोंगरावरून दरडी आल्यापासून रेलरोड धक्क्यावर जहाज लावण्याला बंधनं आली, त्यामुळे टेंडर म्हणजे छोट्या होडीतून किनाऱ्यावर यावं लागण्याची शक्यता धरा.

आता तास. वेळापत्रकात 'सकाळी ७ ते दुपारी ३' लिहिलं असेल तर तुम्हाला आठ तास मिळत नाहीत. उतरायला पाऊण तास, परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधी, आणि स्वतःसाठी एक तास राखीव. राहिले पावणेसहा. याच आकड्यावर बेत करा.

*सावधान:* क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या सहलीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबतं. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. जूनो आणि केचिकान या दोन्ही गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत विमान किंवा फेरी. स्कॅगवेहून रस्ता निघतो, पण तो थेट कॅनडात.

३. पैसे देऊन घ्यायची गोष्ट अख्ख्या क्रूझमध्ये एकच

व्हेल पाहायची बोट, स्कॅगवेची डोंगरातली आगगाडी, हिमनदीवर उतरवणारं हेलिकॉप्टर. यातली पहिली दोन माणशी शंभर-दीडशे डॉलरांच्या पुढे जातात, हेलिकॉप्टर तर कित्येक पटींनी. सहा जणांच्या कुटुंबाने तीन बंदरांत तीन सहली घेतल्या तर क्रूझच्या तिकिटाएवढाच दुसरा खर्च होतो.

माझं मत विचाराल तर एकच घ्या, आणि घरून निघण्यापूर्वी ठरवा. मुलं लहान असतील तर व्हेलची बोट. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर आगगाडी, कारण बसल्या बसल्या डोंगर दिसतो. हेलिकॉप्टर मी सुचवत नाही. ढग उतरले की उड्डाण रद्द. पैसे परत मिळतात, पण मग रिकामा झालेला दिवस घाईघाईत भरण्यासाठी माणूस दुसरं महागडं काहीतरी घेतो.

एक गोष्ट ठरली की बाकीच्या बंदरांवर तंबूपाशी थांबायचं कारणच उरत नाही. 'आमचं बुकिंग झालंय' असं म्हणून पुढे चालता येतं. जहाजावर वाटली जाणारी दागिन्यांच्या दुकानांची कुपनंही तिथेच सोडा. फुकटचं लॉकेट घ्यायला गेलेली माझी नणंद पाऊण तासाने कानातले घेऊन बाहेर आली होती.

४. पिशवी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

जुलैमध्येही तापमान साधारण दहा ते अठरा अंशांमध्ये असतं. थंडीची भीती सगळ्यांना असते, म्हणून लोक जाड जाकीट आणतात. खरा प्रश्न थंडीचा नाही, ओलाव्याचा आहे. केचिकानमध्ये वर्षाला साडेतीन ते चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या दीडपटीहून जास्त. फक्त मुंबईसारखा धो धो येऊन मोकळा होत नाही. बारीक, तासन् तास, वारा असेल तर आडवा.

काय घ्यायचं:

- पाण्याला दाद न देणारं पातळ जाकीट, आत लोकरी किंवा फ्लीसचा थर, त्याच्या आत साधा टी-शर्ट. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण चालताना घाम येतो आणि थांबलं की गारठा लागतो.
- जीन्स नको. एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत ओली. ट्रॅक पँट किंवा चटकन वाळणारी पँट घ्या. साडी नेसणाऱ्या आजींना मी पहिल्याच दिवशी सलवार घालायला लावते. सासूबाईंच्या साडीचा घोळ गँगवेवरच, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलावरच, भिजला होता आणि दिवसभर घोट्याला चिकटत राहिला.
- ओल्या फळीवर न घसरणारे बूट. कॅनव्हासचे नकोत.
- प्रत्येकाला दोन जादा मोजे, प्लास्टिकच्या पिशवीत. चार डॉलरांच्या या मोज्यांनी माझे दोन दिवस वाचवलेत.
- दुर्बीण. एक नाही, शक्य असेल तर दोन. एका दुर्बिणीसाठी दोन मुलं भांडत असताना व्हेल थांबत नाही.
- एक डॉलरच्या दहा-बारा नोटा. बसचालक सुटे देत नाही.

छत्री घेतली तर घ्या, पण जंगलातल्या वाटेवर ती अडकते आणि उघड्या धक्क्यावर उलटी होते.

खाण्याचं: बहुतेक क्रूझ कंपन्या घरी शिजवलेलं जहाजावर चढवू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं चालतात. त्यामुळे डब्यातला चिवडा नाही, पाकिटातला न्या. फळं आणि मांसाचे पदार्थ जहाजावरून खाली नेऊ नका. बंदरावर तपासणी असू शकते आणि दंडही.

*तपासा:* निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण पेहराव चढवून प्रत्येकाने शॉवरखाली एक मिनिट उभं राहायचं. मुलांना मजा येते, आणि कोणाचं जाकीट गळतंय ते घरीच कळतं.

५. आदली रात्र आणि सकाळ

घड्याळ आधी. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे आहे. जहाजावर घोषणा होते, काटे मागे करायला सांगतात. पण फोन एअरप्लेन मोडवर असेल तर तो स्वतःहून बदलत नाही, आणि नेटवर्क मिळालं की मधेच बदलतो. जूनोत माझ्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये एक तासाचा फरक होता. दोघेही आपलंच बरोबर म्हणून अडून बसलो आणि पाच मिनिटं धक्क्यावर वाद घातला. आता आम्ही एक साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून सासऱ्यांच्या मनगटावर बांधतो. त्या दिवशीचा शेवटचा शब्द त्यांचा.

फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. फोनने ते पकडलं तर बिल पाहून पोटात गोळा येईल. बंदराचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

नाश्ता पोटभर आणि लवकर. हे पैशाचं सगळ्यात सोपं गणित आहे: जहाजावरचं जेवण तुम्ही आधीच विकत घेतलंय. गाव धक्क्याला लागून असेल तर दुपारी जेवायला जहाजावर परत या आणि पुन्हा उतरा. शाकाहारी लोकांना बंदरावर फ्रेंच फ्राइजखेरीज फारसं मिळतही नाही.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी एक सूचना. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पंधरा-वीस फुटांचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी सपाट असलेला गँगवे दुपारी चढणीचा झालेला असतो. "सकाळी तर सहज उतरलो होतो" यावर विसंबू नका, काठी बरोबर ठेवा.

६. जूनो: मेंडेनहॉल हिमनदी सिटी बसने

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

हिमनदी गावापासून बारा-तेरा मैलांवर आहे. धक्क्यावरून शटल मिळतात, पण सहा जणांचे जाऊन-येऊन दोनशे डॉलर सहज उडतात. 'कॅपिटल ट्रान्झिट'ची सिटी बस मोठ्यांना २ डॉलर आणि शाळकरी मुलांना १ डॉलर घेते. चार मोठे, दोन मुलं, दोन्ही फेऱ्या: २० डॉलर.

फसतात कुठे? ही बस हिमनदीपर्यंत जात नाही. ती जिथे सोडते तिथून पर्यटन केंद्र सुमारे दीड मैल, म्हणजे अडीचेक किलोमीटर आहे. वाट सपाट आणि डांबरी आहे, पण जाताना दीड आणि येताना दीड. हे न कळता निघालेले लोक अर्ध्या वाटेत मुलाला खांद्यावर घेऊन चालताना दिसतात.

म्हणून आधी निर्णय. मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील आणि आजी-आजोबा रोज अर्धा तास चालणारे असतील तर बस. नाहीतर शटलचे पैसे मुकाट्याने द्या. तुमची पैसे देऊन घ्यायची एक गोष्ट हीच समजा. हातात सहा तासांपेक्षा कमी असतील तरीही शटलच.

बसचा दिवस असा दिसतो. समजा जहाज १२ ते ९ थांबणार आहे:

- १२:४५: उतरून गावातल्या बसस्थानकाकडे चालत. मेंडेनहॉल व्हॅलीकडे जाणारी बस विचारून घ्या, आणि चढतानाच चालकाला सांगा की हिमनदीच्या थांब्यावर उतरायचंय.
- २:००: बसमधून उतरलात. परतीच्या बसच्या वेळांचा फोटो काढा. आत्ता, नंतर नाही.
- २:४०: केंद्रापाशी. केंद्रात जायला १६ वर्षं आणि त्यापुढच्यांना माणशी ५ डॉलर, १५ पर्यंतची मुलं मोफत.
- पुढचे दीड-दोन तास नगेट फॉल्सची वाट. जाऊन-येऊन दोन मैल, जवळजवळ सपाट, फुकट. शेवटी ३७७ फुटांचा धबधबा थेट तळ्याकाठी कोसळतो, आणि तळ्यापलीकडे निळसर बर्फ. तिथे उभं राहिलं की तोंडावर तुषार येतात आणि बोलणं ऐकू येत नाही.
- मग स्टीप क्रीकची फळ्यांची छोटी वाट. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ओढ्यात लालभडक सॉकाय सामन मासे चढतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वलं येतात.
- ५:०० ला परतीची चाल सुरू. साडेसहापर्यंत गावात. दोन तास हातात राहतात.

*सावधान:* हिमनदीच्या परिसरात अस्वलांमुळे खाणं आणि पाण्याखेरीज इतर पेयं नेऊ देत नाहीत. म्हणूनच नाश्ता पोटभर म्हटलं. चॉकलेटचं फाटलेलं वेष्टन खिशात असेल तर तेही बाहेर टाकून या.

*सावधान:* २०११ पासून या हिमनदीच्या वरच्या अंगाला साठलेलं पाणी जवळपास दर उन्हाळ्यात एकदम फुटून खाली येतं. २०२३ पासून ऑगस्टमध्ये मोठे पूर आले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्या दिवशी वाटा उघड्या आहेत का ते सकाळी पाहा.

हिमनदी जमली नाही तर जूनोत पाय हलवायला जागा आहे. समुद्राकाठच्या पदपथाने ओव्हरस्ट्रीट पार्कपर्यंत गेलं की पाण्यातून झेपावणाऱ्या हंपबॅक व्हेलचा खऱ्या आकाराचा ब्राँझचा पुतळा आहे. आणि पाऊस वाढला तर धक्क्याजवळच्या पार्किंग इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर गावाचं सार्वजनिक वाचनालय आहे: काचेतून अख्खं बंदर दिसतं, मुलांचा कोपरा आहे, वायफाय आणि स्वच्छतागृह फुकट. मला विचाराल तर ही जूनोमधली सर्वोत्तम फुकट जागा.

७. स्कॅगवे: जमलं तर सगळं पायीच

गाव इतकं लहान आहे की बसची गरज धक्का लांब असेल तरच. क्रम असा ठेवा.

पहिली जागा राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र, ब्रॉडवे आणि सेकंड ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, जुन्या रेल्वे डेपोत. प्रवेश मोफत. सर्वांत आधी इथेच जायचं कारण रेंजर, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाबरोबरच्या मोफत फेरीला जागा मोजक्या असतात. मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. ती घेऊन मुलं गावभर कोडी सोडवत फिरतात, परत येऊन रेंजरसमोर हात वर करून शपथ घेतात आणि बिल्ला मिळतो. माझ्या मुलाने तो बिल्ला क्रूझभर पायजम्यावरही लावला होता.

पुस्तिका अर्धी भरली की चालायला निघा. पर्याय तीन, तुमच्या पायांप्रमाणे:

- सगळ्यात सोपी याकुटेनिया पॉइंटची वाट. विमानतळाच्या कडेने जाऊन पूल ओलांडला की झाडी आणि खाडी. आजी-आजोबा सहज जातात.
- मध्यम: गोल्ड रश (सोन्याच्या शोधात उसळलेल्या गर्दीच्या) काळातली स्मशानभूमी आणि तिच्या मागचा रीड फॉल्स. गावापासून दोनेक मैल, सपाट. १८९८ च्या जुलैमध्ये धक्क्यावर एकमेकांना गोळ्या घालून मेलेले ठग सोपी स्मिथ आणि त्याला अडवणारा फ्रँक रीड दोघंही इथेच. मोठ्या मुलांना ही गोष्ट आवडते, लहानांना धबधबा.
- चढाची: लोअर ड्युई लेक. एका बाजूने पाऊण मैलाहून कमी, पण पाचशे फूट चढ. सिंहगडाच्या चढाच्या पाव भागाएवढा समजा, फक्त मुळांवरून आणि ओल्या मातीतून. वर शांत तळं आहे.

*सावधान:* ड्युईच्या वाटेवर तोल गेला की हात आधारासाठी झाडाकडे जातो. मोठ्या पानांचं, देठापासून पानापर्यंत काटेच काटे असलेलं 'डेव्हिल्स क्लब' या जंगलात सगळीकडे आहे. मुलांना आधी दाखवून ठेवा.

स्कॅगवे डोंगराच्या आडोशाला असल्याने पाऊस बाकीच्या बंदरांपेक्षा बराच कमी. त्यामुळे चालण्याचा मोठा बेत इथे ठेवा, केचिकानला नाही.

८. केचिकान: पाऊस धरूनच चला

इथे 'पाऊस पडला तर' असं म्हणू नका. पाऊस आहेच, थांबला तर बोनस.

उन्हाळ्यात गावातल्या गावात फिरणारी मोफत बस आहे. ती पकडून आधी सर्वांत लांबच्या टोकाला, टोटेम (इथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब) हेरिटेज सेंटरकडे जा आणि ओढ्याच्या काठाने उताराने परत या. उलटं केलं तर चढ आणि पाऊस दोन्ही तोंडावर.

उतरताना ओढ्यातली माशांची शिडी, म्हणजे माशांना वर चढता यावं म्हणून केलेल्या पायऱ्या, दिसते. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर इथे गुलाबी सामन इतके दाटतात की पाणी उकळल्यासारखं दिसतं. ओढ्याच्या तोंडाशी सील त्यांना पकडत असतात. आणि वास. कोळीवाड्यात वाढलेल्यांना काही वाटणार नाही, बाकीच्यांनी रुमाल ठेवा. पुढे क्रीक स्ट्रीट, खांबांवर उभ्या लाकडी घरांची गल्ली. फळ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. फोटोसाठी मागे मागे सरकू नका.

पाऊस जोरात असेल तर धक्क्याजवळचं साउथईस्ट अलास्का डिस्कव्हरी सेंटर. आत वर्षावनाचं रूप उभं केलंय, मुलं तासभर रमतात.

उघडे टोटेम खांब पाहायचे असतील तर गावच्या नेहमीच्या बसने दहा मैलांवरच्या टोटेम बाइटला जा. बस साधारण तासाला एक, म्हणजे एक चुकली की दिवसाचा तासभर गेला. सॅक्समनचं टोटेम पार्क त्यापेक्षा जवळ आहे, अडीच मैलांवर.

*तपासा:* वॉर्ड कोव्हला लागलेल्या जहाजाच्या लोकांनी गावातून शेवटची नाही, शेवटून तिसरी बस पकडायची. शेवटच्या तासात सगळं जहाज एकाच रांगेत असतं.

९. सिट्का, आइसी स्ट्रेट पॉइंट आणि व्हिक्टोरिया

तुमच्या मार्गात यांतलं एखादंच असेल, म्हणून थोडक्यात.

सिट्कात मोफत बसने गावात उतरा आणि चालत राष्ट्रीय उद्यानात जा. जंगलातून जाणारी मैलभराची वाट, दोन्ही बाजूंना टोटेम, फुकट. इथेही ज्युनियर रेंजर बिल्ला मिळतो.

आइसी स्ट्रेट पॉइंट म्हणजे हूना गावाजवळचा माशांचा जुना कारखाना. खालची केबल गाडी मोफत आहे, डोंगरावर जाणारी नाही. रांगेत उभं राहण्याआधी कोणती ते विचारा. कारखान्यातलं छोटं संग्रहालय पाहून दगडी किनाऱ्यावर बसा. या खाडीत व्हेल भरपूर, काठावरूनही फवारे दिसतात.

व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी लागतं. बसचे पैसे न देता समुद्राकाठाने अर्धा-पाऊण तास चालत आतल्या बंदरापर्यंत जा. अंधारात संसद भवनावर दिवे लागतात. मुलं थकली असतील तर धक्क्याशेजारच्या बंधाऱ्यावर फेरी मारून परत या, काही बिघडत नाही.

१०. अस्वल दिसलं तर

हे प्रत्येक बंदराला लागू, म्हणून वेगळं लिहिते. वाटेवर बोलत चला, गटाने चला, मूल पुढे धावू देऊ नका. अस्वल दिसलं की थांबा, मुलांना मध्ये घ्या, हळू मागे सरका. पळायचं नाही. अंतर शंभर यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीपासून सीमारेषेच्याही पुढे. कानात इअरफोन घालून चालणाऱ्या किशोरवयीन मुलांना हे दोनदा सांगा. अलास्कात अस्वलाला खायला घालणं गुन्हा आहे, आणि बाकावर विसरलेलं बिस्किटही खायला घालणंच.

११. जहाज सुटल्यावर जेवायला पळू नका

सगळे ओले कपडे काढून थेट बुफेकडे जातात आणि नेमका हाच तास फुकट जातो. जून-जुलैमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. बंदर सोडून जहाज अरुंद खाडीतून हळू जातं तेव्हा व्हेल, सील, झाडांवर बसलेले पांढऱ्या डोक्याचे गरुड डेकवरून दिसतात. आधी अर्धा तास डेक, मग जेवण.

उभं राहायची जागा जहाजाच्या पुढच्या बाजूला, जमलं तर वाऱ्याच्या आडोशाला. फवारा दिसला की ओरडण्यापेक्षा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायची सवय मुलांना लावा: "दोन वाजता!" म्हणजे उजवीकडे थोडं पुढे. सगळे एकाच वेळी तिकडे वळतात. एकदा शेपटी वर आली की व्हेल खोल गेला, पाच-दहा मिनिटं तरी परत येत नाही. तेवढ्यात मोजे बदलून या.